फोड सुकले, दुखणं उरलं

पहिले दोन-तीन दिवस कातडीवर काहीच दिसत नसतं. बरगडीखाली एकाच बाजूला आग होते, मध्येच सुरी फिरवावी तशी कळ जाते, आंघोळीचं पाणी नेमकं तेवढ्या भागावर नकोसं होतं. डावीकडे दुखत असेल तर घरचे घाबरून ईसीजी काढून आणतात. उजवीकडे असेल तर पित्ताशयातले खडे, मूतखडा, अपेंडिक्स अशा शंका निघतात आणि सोनोग्राफी होते. सगळे रिपोर्ट नॉर्मल. मग एखाद्या सकाळी पाठीला तेल चोळताना कुणाला तरी लाल पट्टा दिसतो. त्यावर दाटीवाटीने उठलेले पाणीदार फोड, आणि पट्टा पाठीच्या कण्यापासून निघून छातीच्या मध्यापर्यंत आलेला. घरातलं मोठं माणूस एका नजरेत सांगतं, ‘नागीण आहे.’

हे घरगुती निदान बहुतेक वेळा बरोबर निघतं, त्याबद्दल जुन्या माणसांना मान द्यायला हवा. गफलत होते ती पावसाळ्यात. ट्यूबलाइटभोवती येणारा तांबडा-काळा बारीक किडा अंगावर चिरडला गेला तर त्याच्या अंगातल्या रसाने कातडी भाजते आणि फोडांची रेघ उठते. पण तिथे आधीचे दोन दिवस दुखणं नसतं, रेघ कशीही वेडीवाकडी जाते, कोपराच्या किंवा मांडीच्या घडीत असेल तर समोरासमोर दोन सारखे चट्टे उमटतात. नागीण मात्र आपला पट्टा सोडत नाही.

निदान झालं की पुढचा प्रश्न, कुणाकडे न्यायचं? महाराष्ट्रात आजही याचं पहिलं उत्तर अनेकदा दवाखाना नसतं. कुठे दूर्वा आणि तांदूळ वाटून लेप लावतात, कुठे गेरू, कुठे मंत्र टाकणारा ठरलेला माणूस असतो. सगळ्यांच्या मागे एकच भीती असते. नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना टेकलं, वेटोळं पूर्ण झालं, की माणूस हाती लागत नाही.

वेटोळं का पूर्ण होत नाही, याचं कारण आपल्या शरीराच्या रचनेत आहे. पाठीच्या कण्यातून प्रत्येक मणक्याशी उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशी मज्जातंतूंची जोडी निघते. डाव्या तंतूची हद्द डावीकडे, उजव्याची उजवीकडे, आणि दोन्ही पोटाच्या-छातीच्या मध्यरेषेवर संपतात. नागीण साधारणपणे एकाच तंतूच्या हद्दीत उठते, म्हणून ती मध्यरेषेवर येऊन थांबते. आणि लेप लावला काय किंवा न लावला काय, फोड दोन ते चार आठवड्यांत खपली धरून जातात. वेटोळं झालं नाही, फोडही गेले. श्रेय लेपाला मिळतं. पिढ्यान्‌पिढ्या हा अनुभव येत राहिल्यावर लोकांचा विश्वास बसला, यात लोकांना दोष देण्यासारखं काही नाही. फोड अंगभर विखुरले तर मात्र ते प्रतिकारशक्ती खालावल्याचं लक्षण असतं आणि तेव्हा थेट रुग्णालय गाठायला हवं.

खरी अडचण पुढे आहे. नागीण कातडीवर दिसते, पण हा आजार मज्जातंतूचा आहे.

लहानपणी कांजिण्या येऊन जातात. कडुनिंबाचा पाला अंथरुणाखालून निघतो, आठवड्या-दोन आठवड्यांत मूल खेळायला लागतं, आणि विषाणू गेला असं सगळे समजतात. तो गेलेला नसतो. कण्यालगत मज्जातंतूंच्या ज्या गाठी असतात, तिथल्या पेशींमध्ये तो निपचित पडून राहतो. चाळीस-पन्नास वर्षांनी वय, मधुमेह, कर्करोगावरची औषधं, संधिवातावरची काही औषधं, एचआयव्ही अशा कुठल्या तरी कारणाने शरीराचा पहारा ढिला पडतो आणि तो एका गाठीतून तंतूच्या वाटेने कातडीकडे निघतो. वाटेत तंतू भाजून काढतो. फोड उठण्याआधीचं दुखणं म्हणजे हाच प्रवास. अमेरिकेतल्या अंदाजानुसार दर तीन माणसांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी नागीण होते.

हे समजायला माणसाला बराच काळ लागला. १९०० साली लंडनचे हेन्री हेड आणि त्यांचे सहकारी कॅम्पबेल यांनी नागीण होऊन गेलेल्या २१ मृत रुग्णांच्या मज्जातंतूंची तपासणी प्रसिद्ध केली आणि कातडीवरचा कुठला पट्टा कुठल्या गाठीचा, याचा नकाशा मांडला. हेड एवढ्यावर थांबले नाहीत. तंतू तुटला की कातडीला नेमकं काय वाटतं हे रुग्ण नीट सांगू शकत नाहीत, म्हणून १९०३ मध्ये त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताचा संवेदनातंतू शस्त्रक्रियेने कापून घेतला आणि पुढची चार वर्षं केंब्रिजला मित्र रिव्हर्स यांच्याकडे बसून, डोळे मिटून, सुई, कापूस, गरम-थंड पाणी यांचे स्पर्श नोंदवून घेतले. तंतू वाढत परत येताना आधी आली ती बोथट, पसरणारी, नकोशी संवेदना. स्पर्श नेमका कुठे झाला हे ओळखण्याची नजाकत फार उशिरा आली. अर्धवट सावरलेला तंतू निरोगी तंतूसारखा वागत नाही, हे त्यांनी स्वतःच्या कातडीवर अनुभवलं. नागिणीनंतर वर्षानुवर्षं तळमळणाऱ्या माणसाचं दुखणं समजून घ्यायचं तर इथूनच सुरुवात करावी लागते.

कांजिण्या आणि नागीण यांचा धागा पक्का जोडला तो एका गावच्या डॉक्टरने. इंग्लंडमधल्या सिरेन्सेस्टरचे एडगर होप-सिम्प्सन यांनी १९४७ पासून १६ वर्षं आपल्या दवाखान्यात आलेल्या नागिणीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली. १९२ रुग्ण झाले. १९६५ साली त्यांनी लिहिलं की नागीण बाहेरून लागत नाही, ती आतल्याच जुन्या विषाणूची जाग आहे, आणि वय वाढेल तशी ती वाढते. त्यांचं भांडवल म्हणजे रोजच्या रुग्णांकडे लक्ष आणि चिकाटी. आपल्याकडे तालुक्या-तालुक्यात असे डॉक्टर आहेत, त्यांच्या वह्या मात्र कपाटातच राहतात.

आता उपचार. असायक्लोव्हिर आणि व्हॅलासायक्लोव्हिर ही या विषाणूवरची औषधं. असायक्लोव्हिर ज्या प्रयोगशाळेतून आलं, तिथल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांत गोळ्या सुरू झाल्या तर फोड लवकर सुकतात, सुरुवातीची आग लवकर निवते. नागीण डोळ्याच्या भागात असेल तर दृष्टीचं नुकसान टाळण्यासाठी या गोळ्या फार मोलाच्या. पुढे उरणाऱ्या वेदनेपासून त्या पूर्ण संरक्षण देतात असं मात्र म्हणता येत नाही. मोठ्या माणसाला असायक्लोव्हिर लागतं ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात ते दहा दिवस. मूत्रपिंड कमजोर असेल तर डॉक्टर मात्रा कमी करतात. त्याऐवजी दुकानातून असायक्लोव्हिरचं मलम आणून लावलं जातं. नागिणीत त्या मलमाचा उपयोग होत नाही. विषाणू आत तंतूत आहे, वर चोपडून तो सापडणार कसा?

मग कातडीसाठी काय करायचं? थोडंच, पण रोज. कोमट पाणी आणि साध्या साबणाने तो भाग हळुवार धुवायचा, चोळायचा नाही, टिपून घ्यायचा. फोड फुटले असतील तर व्हॅसलीनचा पातळ थर आणि वर न चिकटणारी जाळीची पट्टी. नऊवारीचं किंवा धोतराचं धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड यासाठी उत्तम, उकळून वाळवलेलं असलं म्हणजे झालं. न फुटलेल्या फोडांवर कॅलामाइन चालतं. पावडर, हळद, टूथपेस्ट, राख यांतलं काहीही नको. गेरूचा वाळलेला थर काढताना फोडाचं पातळ कातडंही सोलून निघतं आणि जंतूंना दार उघडतं. स्टेरॉइड मिसळलेली गोरेपणाची आणि खाज-खरजेची मलमं तर मुळीच नकोत. पिवळा पू झाला, लाली पट्ट्याबाहेर पसरली, ताप चढला तर अँटिबायोटिक लागेल, नाहीतर नाही.

फोडांतलं पाणी सुकेपर्यंत ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत अशा गरोदर बायका आणि तान्ही बाळं यांना लांब ठेवायचं. त्यांना नागीण होणार नाही, कांजिण्या होतील, आणि त्या वयात-अवस्थेत कांजिण्या साध्या नसतात. घरातल्या बाकीच्यांनी रुग्णाला वाळीत टाकायचं कारण नाही. फोड झाकलेले असले की तो पंगतीला बसू शकतो.

एक खूण प्रत्येक घरात माहीत असावी. कपाळावर, पापणीवर नागीण उठली आणि नाकाच्या शेंड्यावर एक जरी फोड दिसला, तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठायचा. नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याच्या आतल्या भागाला संवेदना पुरवणारा फाटा एकच आहे. जोनाथन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात ही खूण सांगितली आणि आजही ती तितकीच खरी ठरते. कानात फोड आणि त्याच बाजूचा चेहरा वाकडा, हेही तसंच. तिथे उद्यावर ढकलायचं नाही.

फोड गेले, खपल्या पडल्या, पांढुरके-काळपट डाग राहिले. घरच्यांच्या दृष्टीने आजार संपला. दहांतल्या एका-दोघांसाठी तो तेव्हा सुरू होतो. तीन महिन्यांनंतरही दुखत राहिलं तर त्याला नागिणीनंतरची मज्जातंतूवेदना म्हणतात. साठीच्या पुढे ती जास्त, आणि सुरुवातीला ज्यांना फार दुखलं त्यांना जास्त.

माझ्या सातारच्या आत्याला मी या अवस्थेत पाहिलं. नागीण डाव्या खांद्यापासून छातीवर आलेली. जन्मभर डाव्या खांद्यावर घेतलेला पदर तिने उजव्या खांद्यावर घ्यायला सुरुवात केली होती. वैशाखात पंखा बंद करून बसायची, कारण वारा लागला तरी आग व्हायची. झोपताना ब्लाउज कातडीपासून सुटा राहावा म्हणून दोन बोटांनी धरून ठेवायची. डोळा लागला की बोटं सुटायची आणि ती किंचाळून उठायची. घरात कुणी वाईट नव्हतं. पण महिनाभराने सून म्हणायला लागली, ‘आत्याबाई, आता तर काही दिसत नाही हो.’ आत्या त्यावर काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने दुखतं म्हणणंच सोडलं.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी तिला तपासलं ते मी शेजारी उभा राहून पाहिलं. त्यांनी कापसाची वात ओढून बारीक केली आणि डागावरून अलगद फिरवली. आत्या मागे सरकली, डोळ्यांत पाणी आलं. मग बाईंनी त्याच जागेवर आपला तळहात ठेवून घट्ट दाबला. आत्याने चक्क सुस्कारा सोडला. ‘असाच राहू द्या हात,’ म्हणाली. नंतर सुईच्या टोकाने टोचलं, तर दोन-तीन जागी तिला कळलंच नाही. म्हणजे कातडी एकाच वेळी बधिरही होती आणि सहन न होण्याइतकी जागीही. तंतूंची टोकं मेलेली, उरलेली बेताल झालेली आणि कण्यातली केंद्रं इतकी तापलेली की साधा स्पर्शही वेदना म्हणून पोचतो.

त्या तपासणीतूनच पहिला उपाय निघाला. सैल, हलणारं कापड त्रास देतं. घट्ट बसणारं देत नाही. बाईंनी तिला आतून अंगाबरोबर बसणारं मऊ सुती बनियन घालायला सांगितलं, शिवण बाहेरच्या बाजूला करून. सैल कपडे घाला असं तिला तोवर सगळ्यांनी सांगितलेलं होतं. काहींना दुखऱ्या भागावर स्वयंपाकघरातली पातळ पारदर्शक फिल्म लावून वर कपडे घातले तरी बरं वाटतं. उन्हाळ्यात घामाने कातडी पांढरी पडू लागली तर ती काढायची.

गोळ्या म्हणाल तर साधी क्रोसिन किंवा सांधेदुखीची गोळी इथे फारशी चालत नाही. अमिट्रिप्टिलीन, नॉरट्रिप्टिलीन, गॅबापेंटिन, प्रिगाबालिन ही औषधं लागतात. अगदी थोड्या मात्रेने सुरुवात करून हळूहळू वाढवायची असतात आणि गुण यायला दिवस जातात. इथे घरोघरी एक गोष्ट घडते. मुलगा मोबाइलवर नाव शोधतो, अमिट्रिप्टिलीन ही नैराश्यावरची गोळी असल्याचं वाचतो आणि आईला म्हणतो, तुला वेड लागलंय असं समजतात का हे? गोळी बंद. खरं तर नैराश्याला लागते त्याहून कमी मात्रेत ती मज्जातंतूच्या वेदनेवर काम करते, आणि हे डॉक्टरांनी चिठ्ठी लिहितानाच समजावून सांगायला हवं. म्हाताऱ्या माणसांना तिने तोंड कोरडं पडतं, लघवी अडते, रात्री उठताना तोल जातो. गॅबापेंटिन-प्रिगाबालिनने गुंगी येते, पाय सुजतात, आणि ती एकदम बंद करायची नसतात.

कातडीच्या बाजूनेही बरंच करता येतं, आणि वय जास्त असेल तर मला ती बाजू आधी धरावीशी वाटते. पाच टक्के लिडोकेनची पट्टी दुखऱ्या भागावर १२ तास लावायची, १२ तास काढून ठेवायची. ती अखंड कातडीवरच लावतात. फोड ओले असताना नाही, वरून शेक तर कधीच नाही. दुसरा उपाय आपल्या ओळखीचा आहे, मिरचीचा. मिरचीत जे तिखट द्रव्य असतं ते कॅप्सायसिन. उष्णता ओळखणाऱ्या ज्या ग्राहीवर ते बसतं, ती १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांनी शोधली आणि २०२१ चं नोबेल मिळवलं. पुन्हापुन्हा किंवा जोरकस मात्रा दिली की तिथली तंतूंची टोकं थकून मागे हटतात आणि वेदना उतरते. सौम्य मलम दिवसातून तीन-चार वेळा लावावं लागतं, पहिले काही दिवस आग वाढते, आणि हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावला तर पस्तावायची वेळ येते. परदेशांत ८ टक्क्यांची पट्टी डॉक्टर हातमोजे घालून तासभर लावतात. तिचा गुण अनेकांना तीन महिन्यांपर्यंत पुरतो. घरची मिरचीपूड किंवा ठेचा लावून पाहण्याचा मोह मात्र कुणी करू नये. त्याने कातडी भाजते, मात्रा हातात राहत नाही.

वेदनेइतकीच वाईट असते खाज, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. २००८ साली अतुल गावंडे यांनी ‘न्यू यॉर्कर’मध्ये अशाच एका बाईची हकिगत लिहिली. गावंडे म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावातून अमेरिकेत गेलेल्या डॉक्टरांचे चिरंजीव. त्या बाईला कपाळावर नागीण झाली, वेदना गेली आणि खाज राहिली. झोपेत ती खाजवत राहिली. एके सकाळी कपाळावरून हिरवट पाणी ओघळलं, आणि रुग्णालयात गेल्यावर कळलं की तिच्या नखांनी कवटी ओलांडून मेंदू गाठला आहे. त्या जागची कातडी जवळपास पूर्ण बधिर होती, म्हणून खाजवताना दुखून हात थांबत नव्हता. वर कातडी बसवली, तीही तिने झोपेत ओरबाडून काढली. हे टोकाचं उदाहरण आहे, पण त्याची लहान रूपं दवाखान्यात येत असतात. चेहऱ्याच्या तंतूला इजा झालेल्या माणसाच्या नाकपुडीच्या कडेला न भरणारी जखम होते. कर्करोग असेल म्हणून तुकडा तपासला जातो, क्षय असेल म्हणून तपासण्या होतात, आणि शेवटी कळतं की तिथे सतत काहीतरी वळवळल्यासारखं वाटतं म्हणून माणूस नकळत बोटाने कुरतडतो आहे.

अशा खाजेवर सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या चालत नाहीत, कारण खाज कातडीत नाही, तंतूत आहे. तिलाही वेदनेचीच औषधं लागतात. जोडीला नखं अगदी बुडापासून कापणं, रात्री सुती मोजे हातात घालणं, जखम झाकून ठेवणारी पट्टी, कातडी कोरडी पडू न देणं. ‘खाजवू नको’ म्हणून दिवसभर ओरडल्याने काहीच होत नाही, त्या माणसाला फक्त लाज वाटायला लागते आणि तो लपून खाजवतो.

   

या सगळ्याला आधीच अडवणारी गोष्ट आता भारतात मिळते. नागिणीवरची नवी लस इथे २०२३ पासून उपलब्ध आहे. पन्नाशीपुढच्यांसाठी, दंडात दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. मोठ्या चाचण्यांत पन्नाशीपुढच्यांमध्ये तिने ९७ टक्के, सत्तरीपुढच्यांमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास नागीण टाळली. तिच्यात जिवंत विषाणू नाही. एकदा नागीण होऊन गेलेल्यांनाही ती घेता येते. दंड दोन दिवस दुखतो, अंग कसकसतं. अडचण पैशांची आहे. एका डोसला दहा हजार रुपयांच्या घरात खर्च येतो आणि सरकारी कार्यक्रमात ती नाही. ज्यांना जमतं त्यांनी आईवडिलांच्या साठीशांतीला, पंचाहत्तरीला हा खर्च करावा असं मी मनापासून म्हणेन. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी शासनाने निदान मधुमेह आणि कर्करोगाच्या रुग्णांपासून सुरुवात करावी.

तोवर गावपातळीवर एक काम बिनखर्चाचं आहे. आशाताई कुष्ठरोगाच्या मोहिमेत घरोघर फिरून बधिर, फिकट चट्टे शोधतात. त्यांनाच नागिणीचा पट्टा, नाकाच्या शेंड्याची खूण आणि तीन दिवसांची मुदत शिकवता येईल. आणि त्यांनी गावातल्या मंत्र टाकणाऱ्या माणसालाही जाऊन भेटावं. त्याच्याकडे रुग्ण पहिल्या दिवशी पोचतो, दवाखान्यात पाचव्या-सहाव्या. त्याची खिल्ली उडवून तो पहिला दिवस आपल्या हाती लागणार नाही. ‘मंत्र टाका बाबा, पण लेप लावू नका, आणि आजच्या आज माणसाला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा, डोळ्याजवळ असेल तर स्वतः घेऊन जा,’ एवढं त्याने मान्य केलं तरी अनेकांचे डोळे वाचतील. केंद्रात त्या दिवशी असायक्लोव्हिरच्या गोळ्या असायला हव्यात. असायक्लोव्हिर आणि अमिट्रिप्टिलीन दोन्ही देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, म्हणून ती फळीवर नसतील तर का नाहीत, हे ग्रामसभेत विचारायचा हक्क आपल्याला आहे.